दिवा कुणाच्या नावावर

मनोहरभाऊजींचं गणित साधं होतं. त्या गुरुवारी त्यांची वहिनी कुमुद अकराच्या आत कडेगावच्या आरटीओ कॅम्पला पोचली नाही, की भावाची पांढरी मारुती त्यांच्या दारात येणार होती, आणि तीही मागून घेतल्याचा डाग न लागता. वर दर शनिवारी आजारी भावाला सांगलीला न्यायचं म्हणून वहिनीच्या हातचं मटण, आणि गावभर ‘भाऊ असावा तर असा’ हे निराळंच. एवढ्यासाठी त्यांनी करायचं काय होतं? काही नाही. नुसतं बसून राहायचं. हात न हलवता मिळणारा फायदा माणसाला किती गोड लागतो ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण आमच्या कॉलनीच्या पापडांची वही अठरा वर्षं माझ्याकडे होती.

पापडांची वही म्हणजे असं. एप्रिल लागला की आमच्या विट्याच्या कॉलनीत पाळ्या लागायच्या. आज हिच्या घरचे पापड, उद्या तिच्या. जिची पाळी तिच्या अंगणात बाकीच्या आठजणींनी पोळपाट-लाटणं घेऊन बसायचं, आणि तिनं पुढं एकेकीकडे जाऊन ते फेडायचं. कोण किती वाजता आली, कोण मन लावून लाटत होती, कोण ‘गॅसवर दूध आहे, उतू जाईल’ म्हणून मधूनच सटकली, हे सगळं माझ्या वहीत असे. दूधवालीला मी वहीतून सोडत नसे. ती सांगायची दूध, मी लिहायची अर्धी पाळी.

त्या गुरुवारी पाळी माझी होती. पाच किलो उडदाचं पीठ भल्या पहाटे कुटून, तेल लावून, लाट्या तोडून पातेल्यात झाकलेल्या. आठ वाजता अंगणात मांडव भरला होता. फक्त माझं स्वतःचं लाटणं सापडत नव्हतं. आईनं दिलेलं, मुठीला पितळी कडं असलेलं. आदल्या दिवशी कदमवहिनींची पाळी झाली तेव्हा सगळ्यांची पोळपाट-लाटणी तिथंच राहिली होती, ती संध्याकाळी समोर राहणाऱ्या कुमुदनं गाडीत घालून माझ्या अंगणात आणून टाकली. तिचा गाडीचा सराव झाला आणि माझं ओझं वाहून झालं. पोळपाटं नऊ आली, लाटणी आठ. सुनेचं पोरकट लाटणं घेऊन बसावं लागल्यामुळं मी सकाळीच तिरसटले होते.

तेवढ्यात समोरच्या अंगणातून आवाज आला. खर्र, खर्र, टक्. मग नुसतंच टक्. मग तेही नाही.

“मुहूर्त बरा दिसतोय,” कदमवहिनी म्हणाल्या.

“तुमच्या जिभेला काही हाड आहे का?” भोसलेकाकू म्हणाल्या. “परीक्षा आहे तिची आज.”

कुमुद फाटकातून बाहेर आली. नवी सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायांत नातवाचे कॅनव्हासचे बूट. आम्ही शाळेपासूनच्या मैत्रिणी, पण तिचा असा चेहरा मी एकदाच पाहिला होता, तिच्या नवऱ्याला, दिनकररावांना, झटका आला त्या दिवशी.

“पमे, गाडी उठंना गं.”

मी पिठाच्या हातांनीच रस्ता ओलांडला. माझ्यामागं रझियाभाभी, तिच्यामागं बाकीच्या.

गाडीत डावीकडच्या सीटवर बापू साळुंखे बसले होते. बापू एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. गुडघा कामातून गेल्यामुळं दोन वर्षं आधीच घरी बसलेले. सहा महिने त्यांनीच कुमुदला शिकवलं. शिकवलं म्हणजे मारुतीची एसटी केली. वळणावर ती अख्खा रस्ता घेऊन वळायची, आणि थांबली की मागं वळून बघायची, जणू कुणी उतरायचं राहिलंय.

बापूंनी मान वर केली आणि गाडीच्या छपराला असतो त्या इवल्या दिव्याकडं बोट दाखवलं. “ह्ये बघा. बटन चालूवर हाय. रातभर जळलाय ह्यो. बॅटरी म्हातारी, तिच्यात जीव केवढा? ह्यानं प्याली सगळी.”

“कुणी लावला?” कदमवहिनींनी विचारलं.

व्हरांड्यात खुर्चीवर दिनकरराव बसले होते. दीड वर्षापासून उजवी बाजू गेलेली, शब्द एकेक करून यायचे. तेही म्हणाले, “कु... कुणी?”

कुमुदनं डोकं हलवलं. “मी नाही. मी सामान उतरवून सहालाच घरात गेले. तेव्हा उजेडच होता.”

मी माझं पीठ उघडं राहिलंय की झाकलंय ते बघत होते.

आता यात अडत कुठं होतं ते सांगते, म्हणजे बॅटरी उतरली तर काय बिघडलं असं कुणाला वाटायला नको. कुमुदच्या शिकाऊ लायसन्सची मुदत त्याच आठवड्यात संपत होती, आणि त्याआधीचा हा शेवटचा कॅम्प. पाडव्याला मनोहरभाऊजींनी भावाच्या पायांशी बसून विषय काढला होता. “दादा, गाडी दारात उभी राहून सडतेय. माझ्याकडं नेतो. शनिवारी घेऊन येत जाईन.” शनिवार म्हणजे दिनकररावांचा सांगलीला व्यायामाचा दिवस. भाऊजी नऊला येतो म्हणून अकराला यायचे, जेवून निघायचे, आणि डॉक्टर उठायच्या वेळेला पोचायचे. गाडी त्यांच्याच दारात गेली, की शनिवारही त्यांच्याच मनावर. कुमुद तेव्हा म्हणाली, “मी शिकतेय ना. मी नेईन.” भाऊजी हसले. “वहिनी, क्लासच्या गाडीवर कुणीही पास होतं. त्या गाडीला दोन-दोन ब्रेक असतात, मास्तर शेजारी बसून दाबतो. आपल्या गाडीवर पास व्हा, मी स्वतः पेढे वाटतो.” दिनकररावांनी मान डोलावली. घरात शब्द ठरला. आपल्या गाडीवर पास झाली तर गाडी घरी, नाहीतर भावाकडं.

“गॅरेजवाला?” मी विचारलं.

“धाला उघडतो,” बापू म्हणाले. “त्यो येऊन बॅटरी चार्जिंगला लावंपतूर कॅम्प उठून गेला आसंल.”

“कॉलनीतल्या डॉक्टरांच्या गाडीवरून वायर जोडून?”

“डॉक्टर काल पुण्याला गेले.”

भोसलेकाकू म्हणाल्या, “कुमुद, रिक्षा कर आणि जा बाई. तिथं कुणाची तरी गाडी माग. लायसन्स पदरात पडल्याशी मतलब.”

“नाही काकू.” कुमुदनं पदर आणखी घट्ट खोचला. “लायसन्स पदरात पडेल, गाडी जाईल. मग काय लायसन्स भिंतीला लावू?”

एवढ्यात स्कूटरचा आवाज आला. मनोहरभाऊजी. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. पाण्याच्या टाकीच्या चढाच्या पायथ्याशी, गिरणीसमोर, स्कूटर सावलीत लावून ते सावकाश चालत आले.

“काय झालं? अरेरे. उतरली वाटतं बॅटरी.” त्यांनी बॉनेटवर हात फिरवला, आजाऱ्याच्या कपाळावर फिरवावा तसा. “वहिनी, राहू द्या आजचं. गाडीचं मन नसलं की ओढू नये. बॅटरीचं मी बघतो, शनिवारी माझ्याकडं...”

“भाऊजी,” कदमवहिनी मधेच म्हणाल्या. बाई मास्तरीण होत्या, शाळेत उलटतपासणी घ्यायची सवय. “काल संध्याकाळी तुम्ही आला होतात ना इकडं?”

“आलो होतो. दादाला भेटायला.”

“गाडीजवळ गेला होतात?”

“गेलो होतो. म्हणजे टायरची हवा बघितली. का?”

“आतला दिवा रात्रभर जळत होता.”

भाऊजींचा हात बॉनेटवरून खाली आला. “मी दार उघडलंसुद्धा नाही! दादाशपथ! मला काय करायचंय दिवा लावून?”

हे त्यांनी विचारायला नको होतं. त्यांना काय करायचंय याचं उत्तर तिथं नऊ बायकांना पाठ होतं. रझियाभाभीनं घसा साफ केला, आणि बापू गाडीच्या आत बघायला लागले.

कदमवहिनी माझ्याकडं वळल्या. “प्रमिलाताई, तुमचं अंगण समोरच. तुम्ही होतात ना तेव्हा बाहेर?”

“होते.”

“भाऊजी गाडीपाशी होते?”

“होते,” मी म्हणाले. “टायरला लाथा मारत होते.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. दिनकररावांनी भावाकडं पाहिलं. नंतर त्यांनी मान फिरवली, आणि आजारपणात ज्याला मान फिरवायला एवढे कष्ट पडतात त्यानं ती फिरवली, की समोरच्याला ते जास्त लागतं. भाऊजींचा चेहरा लाल झाला.

मी हात झटकले. “उठा गं सगळ्या. ढकला.”

“अगं, पण तुझं पीठ!” भोसलेकाकू म्हणाल्या. “पाच किलो आहे! उन्हात कातडं होईल त्याचं.”

“पीठ काही परीक्षेला बसणार नाही. चला.”

मी असं काही म्हणेन यावर कुणाचा विश्वास बसेना. माझ्या पाळीला पाच मिनिटं उशिरा आलेल्या बाईला मी दिवाळीपर्यंत ऐकवते, हे त्यांना माहीत होतं. पण मी गाडीच्या मागं जाऊन डिकीला दोन्ही हात लावले तेव्हा त्या आल्या. नऊजणी, हातांना तेल, पीठ. पांढऱ्या गाडीवर पंजे उठले.

बापूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “मी क्लच दाबला असता, पर ह्यो गुडघा. वैनी, तुमालाच करायचं हाय. दुसरा गिअर. क्लच दाबून ठिवा. मी ‘सोडा’ म्हनलो की पाय झटकून सोडायचा. घाबरून निम्मा सोडला तर ह्या सगळ्या बाया तोंडावर पडतील.”

“बरं,” कुमुद आतून म्हणाली.

पहिल्या धक्क्याला गाडी माझ्या फाटकापासून कदमांच्या फाटकापर्यंत गेली. “सोडा!” कुमुदनं निम्मा सोडला. गाडीनं उचकी दिली आणि थांबली. भोसलेकाकू डिकीवर आदळल्या.

“माझी कवळी!” त्या ओरडल्या. कवळी तोंडातच होती.

दुसऱ्या धक्क्याला कुमुदनं पाय नीट सोडला, पण रस्ता सपाट, आम्ही पन्नाशीच्या पुढच्या. इंजिन खोकलं, गप्प झालं.

“वेग न्हाई,” बापू म्हणाले. “उतार पायजे.”

उतार आमच्या कॉलनीत एकच. पाण्याच्या टाकीचा. पण टाकी वर, गाडी खाली. उतारावरून सोडायची, तर आधी चढावरून न्यायला हवी. दीडशे पावलांचा चढ, आणि उन्हाचा चटका सुरू झालेला. घड्याळात पावणेनऊ.

कुमुद खाली उतरली. चढाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. “तुम्हाला नाही झेपायचं. मी एकटी...”

“एकटी काय करशील? गाडी कडेवर घेशील?” रझियाभाभी म्हणाली. तिचा मालक तांबोळी, पानांच्या पाट्या उचलून तिचे दंड असे झालेले की तिनं लाटलेला पापड उचलला तर पलीकडचं दिसायचं. “बैठो अंदर. चाक सरळ ठेव फक्त.”

आम्ही ढकललं. दहा पावलं गेली की बापू सांगायचे, कुमुद हँडब्रेक ओढायची, आम्ही चाकामागं दगड लावायचो आणि श्वास घ्यायचो. पुन्हा दहा पावलं. कदमवहिनींच्या चपलेचा अंगठा तुटला, त्यांनी ती चप्पल बाजूला भिरकावली आणि दुसरीही काढून टाकली. अर्ध्यावर, जिथं चढ उभा होतो, तिथं दगड लावायच्या आत हँडब्रेकच ढिला पडला. गाडी मागं यायला लागली. मी डिकीला पाठ लावली, टाचा मुरमात रोवल्या, तरी ती मला घेऊन सरकतच होती.

तेव्हा माझ्या शेजारी कुणीतरी धापकन खांदा लावला. इस्त्रीचा शर्ट, दोन पेनं.

“मी दिवा लावला नव्हता,” मनोहरभाऊजी दात आवळून म्हणाले. “एवढं लक्षात ठेवा तुम्ही सगळ्या.”

“ढकला,” मी म्हणाले.

त्यांनी ढकललं. शेवटपर्यंत ढकललं, त्यांच्यामुळंच गाडी टाकीशी पोचली असं म्हणायलाही हरकत नाही. पण माणसाची एकदा बाजू ठरली, की त्यानं काहीही केलं तरी ते तिकडंच धरलं जातं. कदमवहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या, “बघितलंस? मन खातंय त्याला.”

टाकीशी आम्ही गाडीचं तोंड फिरवलं. कुमुदनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं. मी मागच्या सीटवर शिरले.

“तू कुठं?” तिनं विचारलं.

“कॅम्पमध्ये बंद पडली तर ढकलायला कोण आहे तिथं? चल.”

“बापू, ब्रेक?”

“ब्रेक पायात नसतो वैनी, जिगरमंदी असतो. सोडा.”

गाडी सुटली. खाली बायका ओरडत होत्या, दिनकरराव व्हरांड्यात खुर्चीचा दांडा धरून अर्धे उठले होते. निम्म्या उतारावर कुमुदचा उजवा पाय एकदा कुठंतरी मागं गेला, टाचेनं तिनं काहीतरी झटकल्यासारखं केलं. मला वाटलं, बूट निसटला. “आता!” बापू ओरडले. कुमुदनं पाय झटकला. गाडी थरथरली, खोकली, आणि पेटली. पेटली ती अशी की पायथ्याचं वळण कुमुदनं एसटीसारखं अख्खा रस्ता घेऊन मारलं, आणि गिरणीसमोरच्या स्कूटरचा आरसा बरोबर घेऊन गेली.

“थांबू?” ती म्हणाली.

“थांबली तर मी खाली उतरंन आन् चालत घरी जाईन,” बापू म्हणाले. “बंद करायची न्हाई. चला कडेगाव.”

बावीस किलोमीटर तिची नजर रस्त्यावरून हलली नाही. बापूच मधूनमधून ‘डावी घ्या’, ‘म्हशीला मान द्या’ म्हणत होते.

रेस्ट हाऊसच्या मैदानावर रांग होती. सगळ्या गाड्या बंद, एकटी आमची चालू, धूर काढत. दहा वाजून वीस मिनिटांनी साहेब आमच्याकडं आले. तरुण, काटकुळे, हातात फळी आणि कागद. त्यांनी गाडीवरचे पिठाचे पंजे पाहिले, अठरा, वेगवेगळ्या उंचीचे, पण विचारलं नाही काही.

“गाडी बंद करा.”

“साहेब, आज चालूच राहू द्या,” कुमुद म्हणाली.

“नियम आहे बाई. बंद करायची, सुरू करायची, मग चालवून दाखवायची.”

“बॅटरी उतरलीय. बंद केली तर उठणार नाही.”

“मग पुढच्या कॅम्पला या.” साहेबांनी पेन कागदावर टेकवलं.

मी दार उघडलं. मला काय बोलायचं होतं ते अजूनही माहीत नाही, पण बोलायची वेळ आली नाही. कुमुद म्हणाली, “थांबा साहेब. मी बंद करते. पण इथं नाही. तिथं.” तिनं रेस्ट हाऊसच्या फाटकाकडं बोट दाखवलं. तिथं मैदानाला जरासा उतार होता. सपाटीवर बसलेल्या माणसाला तो दिसलाही नसता. पण सकाळपासून उताराची ओढ लागलेल्या बाईला दिसला.

तिनं गाडी तिथं नेली, तोंड खाली करून लावली, बंद केली, हँडब्रेक ओढला. साहेब शेजारी बसले. बापूंना खाली उतरवलं, मला उतरवलं. आम्ही बाभळीखाली उभे राहिलो. बापू गुडघा चोळत होते आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. देवाचं असेल असं मला वाटलं, नंतर नीट ऐकलं तर ‘पाय झटकून, पाय झटकून’ असं होतं.

हँडब्रेक खाली गेला. गाडी हळूच निघाली. पाच पावलं, दहा पावलं. फाटकाशी उतार संपत होता. मग ती थरथरली, आणि पेटली.

साहेबांनी तिला मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या, मागं घ्यायला लावली, चढावर थांबवून पुन्हा निघायला लावली. उतरताना विचारलं, “हे धक्क्याचं कुठल्या क्लासला शिकवतात?”

“पापडाच्या,” कुमुद म्हणाली.

घरी आलो तेव्हा एक वाजला होता. कुमुद गाडीतून उतरली ती सरळ व्हरांड्यात गेली आणि कागद दिनकररावांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ वाचला. वाचायला त्यात फार नव्हतं. मग त्यांनी गाडीची दुसरी किल्ली, जी पाडव्यापासून त्यांच्या उशाखाली होती, ती काढून तिच्यापुढं धरली.

माझ्या अंगणात रझियाभाभीची शेळी मांडवाखाली रवंथ करत बसली होती. बायका टाकीवरून परत यायच्या आत तिनं पातेल्याचं झाकण ढकललं होतं आणि निम्म्या लाट्या खाल्ल्या होत्या. उरलेल्या निम्म्या उन्हानं खाल्ल्या. लाटून झालेले सव्वाशे पापड उलटायला कुणी नव्हतं, ते वाकून कवड्यांसारखे झाले. रझियाभाभी रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, “असू दे गं. शेळीला पापडखार मानवतो का तेवढं बघ.”

या वाक्यानं कॉलनीत माझं नाव झालं. प्रमिलाताईंनी मैत्रिणीसाठी पाच किलो उडीद सोडले आणि हूं की चूं केलं नाही, असं लोक सांगायला लागले. मी ऐकून घेत असे. वहीत त्या दिवशीची ओळ मी कोरी ठेवली.

मनोहरभाऊजींनी गाडीचं नाव पुन्हा काढलं नाही. आरशाचंही काढलं नाही. पुढची अकरा वर्षं दर शनिवारी कुमुदनं दिनकररावांना सांगलीला नेलं. त्यातली शेवटची सहा ते काठी घेऊन स्वतःच्या पायांनी गाडीपर्यंत गेले. घरात काही कार्य निघालं की भाऊजी यायचे, कोपऱ्यात बसायचे, आणि कुणी गाडीचा विषय काढला की म्हणायचे, “पण दिवा मी लावला नव्हता हं.” पोरंसोरं हसायची. त्यांचं ते वाक्यच ठरून गेलं. कुणाच्या घरी लाइट चालू राहिली की लोक म्हणायचे, मनोहरकाका येऊन गेले वाटतं. त्यांना छातीत दुखायला लागलं तेव्हा मिरजेला कुमुदनंच नेलं, त्याच गाडीतून. मागच्या सीटवर आडवे पडून त्यांची नजर छपराच्या दिव्याकडं गेली. “वहिनी, खरंच नव्हता लावला,” ते म्हणाले. कुमुद म्हणाली, “असू दे हो भाऊजी. मी कधीच मनातून काढून टाकलंय.” ते परत आले नाहीत.

गाडी भंगारात दिली त्या दिवशी कुमुद माझ्याकडं आली. पापडांच्या पाळ्या बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, आता सगळ्याजणी पाकीट आणतात. तिनं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

पितळी कड्याचं लाटणं.

“गाडी रिकामी करताना सापडलं?” मी विचारलं. आवाज नेहमीसारखा ठेवला होता.

“नाही. टाकीच्या उतारावर सापडलं. ड्रायव्हरच्या सीटखालून घरंगळत माझ्या पायाशी आलं. ब्रेकखाली जात होतं, टाचेनं मागं ढकललं. मग रात्री कपाटात ठेवलं.”

मी लाटणं फिरवत बसले. त्या संध्याकाळी, भाऊजी टायरला लाथा मारून निघून गेल्यावर, मी रस्ता ओलांडून गेले होते. अंधारून आलं होतं. गाडीचं दार उघडलं, छपराचा दिवा लावला, सीटखाली हात घालघालून बघितलं. सापडलं नाही. तेवढ्यात मला आठवलं, गॅसवर दूध ठेवलंय. दार लोटलं आणि पळाले.

“दूध उतू गेलं होतं का निदान?” कुमुदनं विचारलं.

“तुला कसं कळलं दुधाचं?”

“तुझी सून म्हणाली होती, लाटणं शोधायच्या नादात आमच्या सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पातेलं करपवलं.”

“मग तू बोलली का नाहीस, कुमे? इतकी वर्षं?”

“कशाला बोलू? तू सांगितलं असतंस तर भाऊजी उजळ माथ्यानं दर महिन्याला किल्ली मागायला आले असते. दिवा त्यांच्यावर होता म्हणून त्यांनी तोंड उघडलं नाही.” ती उठली. “आणि तू टाचा रोवून ढकललंस, पमे. मी आरशात बघत होते.”

“आणि मिरजेला जाताना? तेव्हाही नाही सांगितलंस त्यांना?”

कुमुद दारापर्यंत गेली होती. ती थांबली, पण वळली नाही. “तेव्हा सांगायचं मनात होतं,” ती म्हणाली. “मग वाटलं, परत येताना सांगू.”

ती गेल्यावर मी माळ्यावरून जुनी वही काढली. त्या गुरुवारची ओळ कोरीच होती. मी लिहायला बसले. माझे उडीद गेले, आईचं लाटणं परत आलं. बापूंचा गुडघा दोन महिने सुजला होता. कदमवहिनींच्या चपला गेल्या. शेळीला काही झालं नाही. कुमुदला गाडी मिळाली, दिनकररावांना पाय मिळाले. आणि दिवा ज्यांनी लावला नव्हता, ज्यांनी वर खांदा लावून गाडी चढवली होती, त्या मनोहरभाऊजींनी एक आरसा दिला, आणि बाकीचं सगळं त्यांनीच भरलं.